उष्णतेचा जमाखर्च

शाळेच्या प्रयोगशाळेंतील कपाटांत जीं उपकरणें मांडलेलीं असतात, त्यांत कॅलॉरिमीटर हें सर्वांत गरीब दिसणारें उपकरण होय. सूक्ष्मदर्शकाची ऐट त्याच्यापाशीं नाहीं, विद्युद्यंत्राचा चमत्कार नाहीं. तांब्याचें एक लहानसें पातळ भांडें, तें ज्यांत बसतें तें दुसरें मोठें भांडें किंवा लांकडी पेटी, दोहोंच्या मध्यें कापूस, लोकर अगर नमदा, वर दोन भोकांचें झांकण, एका भोकांतून थर्मामीटर व दुसऱ्यांतून तारेची ढवळणी, एवढाच त्याचा संसार. अनोळखी माणसाला तें देवघरांतील पंचपात्र वाटावें. परंतु या संसारांतील एकही वस्तु उगाच आलेली नाहीं. झांकण कां, नमदा कां, भांड्याला चकाकी कां, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरामागें कोणा ना कोणा थोर पुरुषाची चुकलेली बेरीज आहे. ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, तो त्या भांड्याला निराळ्या हातानें उचलतो.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. थर्मामीटर उष्णता मोजीत नाहीं. तो उष्णतामान, म्हणजे पदार्थ किती तापला आहे एवढेंच, सांगतो. चहाचा पेला आणि न्हाणीघरांतील बंब यांचें उष्णतामान एकच असूं शकेल. पण बंबांत सांठलेली उष्णता पेल्याच्या कितीतरी पट असते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या विद्वानांनाही हा भेद स्पष्ट नव्हता. तो स्पष्ट केला स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे अध्यापक जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) यांनीं.

ब्लॅक यांच्या मनांत एक साधी शंका आली. वसंतऋतूंत हवा ऊबदार होतांच डोंगरावरचें सारें बर्फ एकाएकीं वितळून महापूर कां येत नाहीं? तें आठवडेच्या आठवडे हळूहळू कां वितळतें? १७६१ च्या सुमारास त्यांनीं याचा छडा लावण्यासाठीं एक प्रयोग केला. कांचेचे दोन सारखे गोळे घेऊन प्रत्येकांत पांच पांच औंस पाणी भरलें. एकांतलें पाणी गोठविलें, दुसऱ्यांतलें नुसतें बर्फाइतकें थंड केलें, आणि दोन्ही गोळे एका मोठ्या दालनांत टांगून ठेवले. पाण्याचा गोळा अर्ध्या तासांत सात अंश फॅरेनहाइट चढून चाळीस अंशांवर आला. बर्फाच्या गोळ्याला तेथवर येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दालनांतून येणारी ऊब दोघांनाही सारखीच मिळत होती. तेव्हां बर्फानें सात गुणिले एकवीस, म्हणजे १४७ अंशांची उष्णता घेतली, आणि तींतील अवघी आठ अंशांची थर्मामीटरवर दिसली. उरलेली १३९ अंशांची उष्णता केवळ बर्फाचें पाणी करण्यांत खर्च झाली होती. या न दिसणाऱ्या उष्णतेला ब्लॅक यांनीं अप्रकट उष्णता असें नांव दिलें. आजच्या शतमान अंशांत हा आंकडा सुमारें ७७ भरतो. खरा आंकडा ८० च्या जवळ आहे. टांगलेल्या दोन गोळ्यांवरून इतकें जवळ पोंचणें ही लहान गोष्ट नव्हे.

ब्लॅक आपले विचार वर्गांत शिकवीत, पण छापण्याची त्यांना घाई नव्हती. त्यांचीं व्याख्यानें त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ सालीं प्रसिद्ध झालीं. मध्यंतरीं स्वीडनमध्यें जोहान विल्के यांनीं १७७२ सालीं स्वतंत्रपणें तोच शोध लावला व ७२ हा आंकडा काढला. उष्णता मोजतां येते, एवढें आतां सिद्ध झालें होतें. ती मोजण्याचें खास भांडें अजून व्हावयाचें होतें.

तें भांडें पॅरिस येथें झालें. आंत्वान लाव्हाझिए हे रसायनशास्त्रज्ञ म्हणून जगाला परिचित आहेत. पण ते सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळीचे भागीदारही होते, आणि जमेस जमा व खर्चास खर्च लिहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. रासायनिक क्रियेंत आधींचें वजन आणि नंतरचें वजन जुळलेंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तीच शिस्त उष्णतेला लावावयाची, असें त्यांनीं गणितज्ञ लाप्लास यांच्या साहाय्यानें ठरविलें. १७८२–८३ च्या हिंवाळ्यांत दोघांनीं प्रयोग केले आणि १७८३ च्या जूनमध्यें आपला निबंध विज्ञान अकादमीपुढें वाचला.

त्यांच्या यंत्रांत एकांत एक असे तीन कप्पे होते. अगदीं आंत तारेच्या जाळीची टोपली. तींत तापलेला पदार्थ ठेवावयाचा. तिच्याभोंवतीं बर्फाचे तुकडे भरलेला मधला कप्पा. आंतल्या उष्णतेनें हें बर्फ वितळावें आणि त्याचें पाणी खालच्या तोटींतून बाहेर यावें. त्याच्याही बाहेर पुन्हां बर्फानें भरलेला तिसरा कप्पा. या तिसऱ्या कप्प्यांतच सारी खुबी आहे. खोलीची ऊब बाहेरून आंत शिरूं पाहते, ती या पहारेकरी बर्फांतच खर्च होते. मधल्या कप्प्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून तोटींतून जें पाणी येतें तें केवळ आंतल्या पदार्थाच्या उष्णतेचें, असें मानतां येतें. पाणी तोलावें आणि उष्णता सांगावी, इतका सरळ हिशेब. शाळेंतल्या भांड्याभोंवतालचा नमदा हा या बाहेरच्या बर्फाचाच गरीब वारस आहे.

या यंत्रांत त्यांनीं एक जिवंत गिनीपिगही ठेविला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेनें सुमारें १३ औंस बर्फ वितळलें. दुसरीकडे तो प्राणी तितक्याच वेळांत किती कर्बाम्ल वायु सोडतो हें मोजून, तेवढा वायु निर्माण करण्याइतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब केला. तो सुमारें साडेदहा औंस आला. दोन्ही आंकडे तंतोतंत जुळले नाहींत, आणि ते जुळले असें भासविण्याचा प्रयत्नही उभयतांनीं केला नाहीं. थंडीनें प्राण्याचे हातपाय गारठले असतील, श्वासांतील वाफ पाण्यांत मिसळली असेल, अशीं कारणें त्यांनीं स्वतःच नमूद केलीं. पण आंकडे इतके जवळ होते कीं, श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच, हा सिद्धांत त्यांतून उभा राहिला. आज खाद्यपदार्थांच्या पुडक्यावर जी कॅलरी छापलेली असते, तिची वंशावळ या गिनीपिगापर्यंत जाऊन पोंचते. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंत ॲटवॉटर यांनीं सबंध माणूस आंत राहूं शकेल एवढा कॅलॉरिमीटर बांधला. आणि पिष्ट व प्रथिनें यांच्या प्रत्येक ग्रॅमाला चार, चरबीच्या ग्रॅमाला नऊ, हा जो मोठ्या कॅलरींचा हिशेब आज रूढ आहे, तो त्यांच्याच कार्यांतून निघाला.

यंत्राचें नांव मात्र मागाहून आलें. १७८९ सालच्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथांत लाव्हाझिए यांनीं त्याला कॅलॉरिमीटर म्हटलें. अर्धा शब्द लॅटिन आणि अर्धा ग्रीक, असा हा धेडगुजरी समास आहे याची त्यांना जाणीव होती. परंतु अर्थ स्पष्ट होत असेल तर भाषेचा एवढा दोष शास्त्रानें पत्करावा, असें त्यांचें म्हणणें होतें. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘कॅलरीमापी’ हा शब्दही त्याच न्यायानें रूढ झाला आहे.

आतां या थोर यंत्राची चूक पाहूं जातां, ती दाखविली एका कुंभारानें. जोसाया वेजवुड हे इंग्लंडांतील चिनीमातीच्या भांड्यांचे प्रख्यात कारखानदार. आपल्या भट्टीची आंच मोजण्याच्या खटपटींत त्यांनीं १७८४ सालीं बर्फाची ही युक्ति करून पाहिली. त्यांना आढळलें कीं, वितळलेलें सर्व पाणी खालीं येतच नाहीं. बर्फाच्या तुकड्यांच्या सांदींत, स्पंजांत राहावें तसें, बरेंच पाणी अडकून राहतें, आणि कांहीं पुन्हां गोठतें. जें जमेस यावयाचें तें वाटेंतच मुरत होतें. लाव्हाझिए व लाप्लास यांनीं बर्फ वितळण्याच्या उष्णतेसाठीं काढलेला आंकडा रेओम्यूरच्या मापाचे ६० अंश, म्हणजे शतमानाचे ७५ अंश होता. बर्फ-कॅलॉरिमीटरचा हा दोष पुरता निघण्यास १८७० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रॉबर्ट बुन्सेन यांनीं पाणी तोलण्याचें सोडूनच दिलें. बर्फ वितळतांना आकुंचन पावतें. तें आकुंचन पाऱ्याच्या बारीक नळींत मोजून त्यांनीं उष्णता काढली. पाणी बाहेर काढावयाचेंच नाहीं, मग तें अडकणार कोठें?

बर्फाच्या यंत्राबरोबरच पाण्याच्या साध्या भांड्याची परंपराही वाढत होती, आणि शाळांत आली ती हीच. तिचे एक शिल्पकार काउंट रम्फर्ड. १७९८ सालीं त्यांनीं म्यूनिक येथील तोफखान्यांतील आपला प्रसिद्ध प्रयोग जाहीर केला: घोड्यांच्या शक्तीनें तोफ कोरतांना निघालेल्या उष्णतेनें सुमारें अडीच तासांत पाणी उकळूं लागलें. उष्णता हा कॅलरिक नांवाचा द्रव पदार्थ आहे, असें लाव्हाझिए मानीत. रम्फर्ड यांनीं त्या मताच्या मुळावरच घाव घातला. दैवाची गंमत अशी कीं, १७९४ सालीं राज्यक्रांतींत लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांच्या विधवा पत्नीनें १८०५ सालीं याच रम्फर्डशीं विवाह केला.

शाळेच्या दृष्टीनें रम्फर्ड यांची देणगी निराळी आहे. भांडें कितीही जपलें तरी खोलीपेक्षां तें गरम असेल तर उष्णता बाहेर जाणार, थंड असेल तर आंत येणार. हें सर्वथा थांबविणें अशक्य. मग रम्फर्ड यांनीं असें केलें कीं, प्रयोगाच्या आरंभीं पाणी खोलीपेक्षां जितके अंश खालीं, तितकेच अंश अखेरीस वर असावें. पूर्वार्धांत जी उष्णता चोरपावलांनीं आंत येते, तीच उत्तरार्धांत बाहेर जाते, आणि दोन्ही चोऱ्या एकमेकींना बहुतांशीं फेडतात.

भांड्याची चकाकी ही जॉन लेस्ली यांच्या प्रयोगांची देणगी. १८०४ च्या सुमारास त्यांनीं एक चौकोनी धातूची पेटी उकळत्या पाण्यानें भरली. तिची एक बाजू काळी केलेली, एक घासून चकचकीत केलेली. पाणी एकच, पण काळी बाजू भरपूर उष्णता फेंकते आणि चकचकीत बाजू अगदीं थोडी, असें त्यांनीं दाखविलें. तेव्हांपासून भांडें घासून लखलखीत ठेवणें हा शोभेचा विषय राहिला नाहीं.

परंतु उष्णतेच्या गळतीवर खरी पाळत कशी ठेवावी, याचा वस्तुपाठ घालून दिला तो जेम्स प्रेस्कॉट जूल यांनीं. मँचेस्टरजवळ त्यांच्या वडिलांचा मद्याचा कारखाना होता. विद्यापीठाची गादी त्यांच्याजवळ नव्हती. तांब्याच्या भांड्यांतील पाणी वल्ह्यांच्या चक्रानें घुसळावें, चक्र खालीं उतरणाऱ्या वजनांनीं फिरावें, आणि श्रमाचें उष्णतेशीं प्रमाण ठरवावें, असा त्यांचा बेत. वजनें वीस वेळां खालीं सोडल्यावर पाणी चढे तें सुमारें अर्धा अंश फॅरेनहाइट! एवढ्याशा वाढीवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून जूल यांनीं अंशाचा दोनशेवा भाग वाचतां येईल असे थर्मामीटर वापरले. चक्राच्या दांड्यांत लांकडाचा तुकडा बसविला, कीं उष्णता धातूच्या वाटेनें निसटूं नये. आपल्या स्वतःच्या अंगची ऊब भांड्याला लागूं नये म्हणून मध्यें लांकडी आडोसा उभा केला. भांड्याचें तांबें आणि चक्राचें पितळ यांनीं घेतलेली उष्णताही हिशेबांत धरली. १८५० सालीं त्यांनीं ७७२ फूट-पौंड हा आंकडा प्रसिद्ध केला. आजचा आंकडा सुमारें ७७८ आहे. शंभरांत एकाचाही फरक नाहीं. १९४८ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें उष्णतेचें एकक म्हणून कॅलरीच्या जागीं जूल हें नांव स्वीकारलें, हा त्या आडोशाचा आणि त्या लांकडी तुकड्याचाच सन्मान म्हणावा लागेल.

हा सारा इतिहास वर्गांतील बांकावर कसा उतरतो, हें एका साध्या उदाहरणानें दिसेल. भांडें व ढवळणी मिळून ६० ग्रॅम तांबें आहे, असें समजावें. तांब्याला तापण्यास पाण्याच्या सुमारें दहावा हिस्सा उष्णता पुरते. तेव्हां हें भांडें ६ ग्रॅम पाण्याच्या तोलाचें झालें. आंत ११४ ग्रॅम पाणी घातलें, एकूण १२०. खोली २५ अंशांवर आहे. पाणी ३० अंशांचें घेतलें आणि १२ ग्रॅम कोरडें बर्फ टाकलें, तर अखेरचें उष्णतामान २० अंश येईल. १२० ला १० नें गुणून १२०० कॅलरी खर्च. ती १२ ग्रॅमांत वांटली असतां प्रत्येकी १००. त्यांतील २० वितळलेलें पाणी तापण्यास लागल्या, उरल्या ८०. रम्फर्डच्या सांगण्याप्रमाणें आरंभ खोलीच्या पांच अंश वर व शेवट पांच अंश खालीं, हेंही येथें साधलें आहे.

आतां भांड्याचें वजन हिशेबांत घेण्याचें राहिलें, तर याच आंकड्यांवरून उत्तर येतें ७५. बर्फ टीपकागदानें न टिपतां टाकलें व १२ ग्रॅमांत एक ग्रॅम पाणीच चिकटून आलें, तर उत्तर येतें ७३. वेजवुड यांना बर्फाच्या सांदींत जें पाणी सांपडलें, त्याचेंच हें भावंड.

आणखी एक शत्रु दमट प्रदेशांत विशेष प्रबळ असतो. कोंकणपट्टींत किंवा मुंबईस पावसाळ्यांत हवा इतकी ओली असते कीं, भांडें खोलीपेक्षां थोडें थंड होतांच त्याच्या बाहेरच्या अंगावर दंव जमूं लागतें. हें दंव निरुपद्रवी नाहीं. एक ग्रॅम वाफेचें पाणी होतांना सुमारें ५८० कॅलरी बाहेर पडतात. अर्धा ग्रॅम दंव जमलें तरी २९० कॅलरी भांड्याला मिळाल्या, म्हणजे सबंध प्रयोगाच्या १२०० कॅलरींचा चौथा हिस्सा झाला. म्हणून त्या दिवसांत पाणी अधिक ऊन घ्यावें, बर्फ थोडें घालावें, आणि दंव दिसतांच तो प्रयोग टाकून देऊन पुन्हां करावा. पुणें-नगरकडील कोरड्या हिंवाळ्यांत ही अडचण सहसा पडत नाहीं.

भांड्याची निगा ही या सर्वांतून आपोआप निघते. काम झाल्यावर पाणी ओतून भांडें आंतून बाहेरून पुसून कोरडें करावें, नाहीं तर तांबें कळकतें. डाग पडल्यास चिंच किंवा लिंबू लावून मऊ फडक्यानें उजळावें आणि स्वच्छ पाण्यानें धुवावें. राखेनें वा विटकरीनें घासूं नये, कारण ओरखड्यांनीं चकाकीही जाते आणि तांबेंही झिजतें. तळाशीं कोणीतरी मागें रंगविलेल्या वजनावर विसंबूं नये. प्रत्येक वेळीं ढवळणीसह नव्यानें तोलावें. भांडें दिव्याच्या ज्योतीवर कधींही धरूं नये. पाणी निराळ्या चंचुपात्रांत तापवून मग ओतावें. पोचा पडून आंतलें भांडें बाहेरच्याला टेकूं देऊं नये, कारण जेथें धातूला धातु लागली तेथें उष्णतेला राजमार्गच मिळाला. नमदा भिजला तर वाळल्याखेरीज वापरूं नये. थर्मामीटरनें ढवळूं नये. ढवळणी त्यासाठींच आहे, आणि तीही हलक्या हातानें चालवावी.

इतकें करूनही विद्यार्थ्याचें उत्तर ८० येईलच असें नाहीं. ७६ येईल, कधीं ८४ येईल. येथें या उपकरणाची खरी परीक्षा लागते, आणि ती भांड्याची नसून वापरणाऱ्याची असते. पुस्तकांत ८० हा आंकडा छापलेला असतो, तो सर्वांना ठाऊक असतो, आणि परीक्षेच्या भीतीनें प्रयोगवहींत मागून पुढें आंकडे बसवून ८० आणणें अगदीं सोपें असतें. अशा वह्या वर्षानुवर्षें तपासल्या जातात व त्यांना पुरे गुणही मिळतात. परंतु ब्लॅक यांनीं ७७ लिहिले, विल्के यांनीं ७२ लिहिले, लाव्हाझिए-लाप्लास यांनीं ७५ लिहिले, आणि गिनीपिगाचे १३ व साडेदहा हे न जुळणारे आंकडे जसेच्या तसे छापले. त्यांनीं चुका झांकल्या नाहींत म्हणूनच पुढच्यांना त्या सुधारतां आल्या. जमाखर्च जुळत नसेल तर चांगला कारकून खोटी रक्कम टाकून तो जुळवीत नाहीं. पैसा कोठें गळतो तें शोधतो.

जो शिक्षक ७६ या उत्तराखालीं ‘बर्फ ओलें होतें’ किंवा ‘झांकण नीट बसलें नव्हतें’ अशी प्रामाणिक टीप वाचून तिला ८० च्या बरोबरीनें गुण देतो, त्याच्या वर्गांत कॅलॉरिमीटर आपलें काम करतो. इतर वर्गांत तें केवळ तांब्याचें भांडें असतें.